लोखंडाचा आहेर

भाचीच्या लग्नाला निघायचं म्हणून गोपिकाबाई पैठणी नेसून, गजरा माळून फाटकात उभ्या होत्या, आणि त्यांना बसायला गाडीत जागा नव्हती. तशी मोटार काही लहान नव्हती. पंचावन्न सालची, चांगली ऐसपैस, चार दारांची. पण मागच्या सीटवर पायपंप, पाण्याचे कॅन, दोरखंड आणि जुनं रेडिएटर बसलं होतं, आणि पुढच्या सीटवर, म्हणजे त्यांच्या हक्काच्या जागेवर, जादाची बॅटरी.

"हे उचला," त्या म्हणाल्या. "नाहीतर हिलेच पैठणी नेसवा अन् घेऊन जा लग्नाले."

यजमानांनी, म्हणजे ताराचंद भोयरांनी, बॅटरी उचलून पायाशी ठेवली. तिथून हलवायला मात्र ते तयार नव्हते. जुनी गाडी बंद पडणारच, कुठे पडणार एवढंच काय ते विचारायचं असतं, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. ताराचंदांनी ही मोटार घेतली आणि ते निरनिराळ्या रस्त्यांच्या कडेला उभे राहू लागले. काटोल रोडवर फॅन बेल्ट तुटला, तेव्हापासून डिकीत फॅन बेल्टची जोडी. पारशिवनीजवळ कार्बोरेटर रुसला, तेव्हापासून एक सबंध कार्बोरेटर. गाडी मात्र अशी द्वाड की जे सामान बरोबर असेल ते कधी बिघडायचं नाही. दर वेळी जे घरी राहिलं तेच मोडायचं, मग तेही डिकीत यायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ताराचंद हे सगळं भांडार अंगणात मांडून यथासांग पूजा करत. त्यामुळे त्या डिकीतला एकूण एक पाना हळदकुंकू लावून वर्षभर फिरायचा.

गोपिकाबाईंना या सगळ्याचा मनस्वी कंटाळा आला होता, आणि आज तर जिवाला घोर होता. भाचीच्या, भूमिकेच्या, साखरपुड्याला हे दोघं पोचले तेव्हा पत्रावळी उचलणं चाललं होतं. मुलाचे वडील रामाजी, काटोलचे संत्र्यांच्या बागा असलेले मानी गृहस्थ, "मुलीले मामा नाही का?" असं चारचौघांत, यांच्या तोंडावरच विचारून गेले होते. नवरी मंडपात आणायची ती मामानं, अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. म्हणून काल ताराचंदांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे नवरीच्या आईनं, रामटेकहून फोन करून तंबी दिली होती.

"तारा, दुपारच्या मुहूर्ताले तू दिसला नाही, तर मी बाबारावले उभा करीन भूमिकेच्या मांगं," सिंधूताई म्हणाल्या. "मंग जिंदगीभर तोच तिचा मामा."

बाबाराव हा चुलतभाऊ. अशा प्रसंगांसाठी त्याच्याकडे स्वतःचा फेटा होता आणि तो बांधायची घाईही होती. गोपिकाबाईंनी फोन स्पीकरवर असताना तिथल्या तिथे आणखी एक अट घालून घेतली. या वेळी गाडीपायी मुहूर्त चुकला तर गाडी भंगारात. ताराचंदांनी बहिणीच्या साक्षीनं शब्द दिला, कारण एवढं सामान असताना मुहूर्त चुकूच शकत नाही याची त्यांना खात्री होती. पेच पडला तो गोपिकाबाईंना. वेळेवर पोचावं तर ही बला घरात राहणार, आणि उशीर व्हावा तर नणंदेपुढे आणि व्याह्यांपुढे नाक कापलं जाणार. रात्रभर विचार करून त्यांनी बसनं जाऊ या असं सुचवून पाहिलं. सख्ख्या मामानं भाचीच्या लग्नात एसटीतून उतरायचं का, असं विचारून ताराचंदांनी तो विषय संपवला.

गाडी निघाली. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला. दर गावाला ताराचंद "पाह्यलं?" म्हणत आणि गोपिकाबाई बॅटरीवरून पाय इकडून तिकडे करत. मनसरला वळून रामटेकच्या रस्त्याला लागल्यावर, आता देऊळ दिसेल म्हणून त्यांनी पदर सारखा केला, तेवढ्यात मागचं चाक फाटकन बसलं. एवढं ओझं घेऊन कोणतं चाक बसणार नाही?

गोपिकाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चक्क खूश होता. ज्या दिवसासाठी इतकी वर्षं तयारी केली तो दिवस एकदाचा उगवला होता. आज जे बिघडलं होतं त्याचं सामान बरोबर होतं, जॅक बरोबर होता, पाना बरोबर होता.

"आत्ता होते," ते बाह्या सारत म्हणाले. "तू फक्त पाह्य."

गोपिकाबाई पाहत राहिल्या. स्टेपनी डिकीच्या तळाशी होती. ती काढायची तर वरचं सगळं काढायला हवं, आणि वरचं सगळं म्हणजे एक दुकान होतं. पान्यांना माती लागू नये म्हणून ताराचंदांनी कडुनिंबाखाली चादर अंथरली आणि तिच्यावर एकेक जिन्नस ओळीनं मांडायला घेतला. हत्यारं एकीकडे, प्लग एकीकडे, मधे कार्बोरेटर, आणि मागे, जॅकसाठी गाडी हलकी हवी म्हणून सीटवरून उतरवलेलं रेडिएटर, पायपंप, बॅटरी. घाई करा म्हटलं तर म्हणत, परत ठेवताना सापडलं पाहिजे. एका मोटारसायकलवाल्यानं थांबून पितळी भोंगा कितीला दिला म्हणून विचारलं, तेव्हा मात्र गोपिकाबाईंना रडू यायचं बाकी राहिलं. त्यातच सिंधूताईंचा फोन आला. कुठे आहात म्हणून विचारलं तर यांनी सावलीत आहोत असं सांगितलं. बाबाराव फेटा बांधून राहिला, एवढं बोलून ताईंनी फोन ठेवला.

शेवटी स्टेपनी निघाली. गाडी जॅकवर चढली, बसलेलं चाक निघालं, आणि ताराचंद गुडघे टेकून स्टेपनी ओढताहेत तोच मागून ढोलांचा दणदणाट आला. काटोलचं वऱ्हाड. पुढे डीजेची गाडी, मागे बस. मुलीचा मामा रस्त्यात गुडघ्यावर बसलेला पाहून बस करकचून थांबली आणि रामाजी स्वतः खाली उतरले. त्यांच्यामागे मुलाचे मामा देवराव, त्यांच्यामागे नवरदेव ऋषिकेश आणि मग सगळं वऱ्हाड. ताराचंद काळे हात जोडून उभे राहिले.

रामाजींनी कडुनिंब पाहिला, चादर पाहिली, चादरीवर ओळीनं मांडलेल्या आणि हळदकुंकू लावलेल्या वस्तू पाहिल्या, पैठणीतल्या मामी पाहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"सीमांतपूजन," ते देवरावांना म्हणाले. "गावाच्या शिवेवर येऊन, जुन्या रीतीनं. आजकाल सारे हॉलच्या दारातच उरकून टाकतात, गा."

मग त्यांची नजर रेडिएटरवर गेली आणि कपाळाला आठी पडली. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. ताराचंद सच्चे माणूस. पंक्चर हा शब्द त्यांच्या ओठांवर आलाच होता. गोपिकाबाईंच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं लख्ख उभं राहिलं. वऱ्हाडाला रस्त्यात उतरवलं ते मान द्यायला नाही, चाक बदलताना बघायला, हे कळल्यावर हा माणूस मांडवात काय काय बोलेल, आणि ते भूमिकेला किती वर्षं ऐकावं लागेल.

"आमच्यात मामाकडून लोखंडाचा आहेर असते," त्या पुढे होऊन म्हणाल्या. "संसार लोखंडावानी टिकावा म्हणून."

ताराचंदांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू ती बाई त्यांनी आज प्रथमच पाहिली. पण रामाजींची आठी विरली. असली रीत त्यांनी कधी ऐकली नव्हती, पण रामटेककडच्या लोकांत असेल, ते म्हणाले, आणि अर्थ तर चांगलाच आहे.

मग गोपिकाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. चाकाची चकचकीत टोपी त्यांनी ताम्हण म्हणून हातात घेतली. गाडीच्या पूजेसाठी ताराचंद डिकीत नारळ आणि कुंकू कायम बाळगत, ते त्यात ठेवलं, आणि नवरदेवाला ओवाळून पितळी भोंगा त्याच्या हातात दिला. रामाजींना कार्बोरेटर, नव्या टॉवेलात गुंडाळून. काकाला पायपंप, आत्याच्या नवऱ्याला जादाची बॅटरी, बायकांच्या ओटीत प्लग. एकेक वस्तू जात होती तशी त्यांच्या हाताला चपळाई येत होती. किती वर्षं हे लोखंड त्यांच्या घरात, अंगणात, पायाशी पडलं होतं, आणि आज लोक ते कपाळाला लावून नेत होते. फॅन बेल्टच्या जोडीचं काय करावं ते सुचेना, तर दोन करवल्यांनी एकेक गळ्यातच घालून घेतला.

देवराव तेवढे हात मागे बांधून उभे होते. मुलाचा मामा तो, त्याला मुलीच्या मामाच्या बरोबरीचा मान हवा. चादर तर रिकामी झाली होती.

"मुलाच्या मामाले काही नाही वाटते," ते म्हणाले.

गोपिकाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. आता मोठी आणि कुंकू लावलेली अशी एकच वस्तू उरली होती.

"अवं, ते स्टेपनी आहे," ताराचंद कानाशी लागून कळवळून म्हणाले.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि देवरावांना कुंकू लावून त्यांनी स्टेपनी पुढे केली.

सगळ्यांत मोठा आहेर आपल्याला मिळाला हे पाहून देवराव विरघळले. गाडी तीन चाकांवर आणि जॅकवर उभी राहिली. ती इथे का ठेवायची, असं कुणी विचारायच्या आत रामाजींनीच पेच सोडवला. ज्यानं वऱ्हाडाचा एवढा मान केला त्यानं वऱ्हाडाच्या बसमधूनच यायचं, दुसरं काही ते ऐकणार नव्हते. देवरावांनी स्टेपनी मांडीवर घेतली. ड्रायव्हरनं मागे ठेवतो म्हटलं तर आहेर मागे ठेवतात का, म्हणून त्याच्यावरच खेकसले.

रामटेकला हॉलच्या दारात सिंधूताई रस्त्याकडे डोळे लावून उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी फेटा बांधून बाबाराव, आरशात पाहून आल्यासारखा. वऱ्हाड उतरलं, डीजे सुरू झाला, आणि त्या गर्दीत देवरावांनी हात धरून ओढलेला, ग्रीसनं काळा झालेला झब्बा घातलेला आपला भाऊ त्यांना नाचताना दिसला. मुलीचा मामा मुलाकडच्यांत नाचताना पाहण्याची रामटेकची बहुधा पहिलीच वेळ असावी.

"तू कोणाकडचा आहे, गा?" सिंधूताईंनी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"वेळेवर आलो ना, ताई," ताराचंद म्हणाले. ते तर खरंच होतं. नवरदेवाच्या आधी मुहूर्त लागत नाही, आणि हे नवरदेवाबरोबर आले होते. रामाजींनी मधे पडून मुलीच्या मामाची अशी तारीफ केली की सिंधूताईंना बोलायला जागाच उरली नाही. बाबारावनं फेटा सोडला. ताराचंदांनी भूमिकेचा हात धरून तिला मंडपात आणलं, अंतरपाट धरला गेला, आणि शेवटच्या मंगलाष्टकाला तिच्या पाठीशी उभा असलेला हा लोखंडी माणूस लहान पोरासारखा रडला. गोपिकाबाईंचाही सगळा राग तेवढ्यापुरता वाहून गेला.

मुहूर्त चुकला नव्हता, म्हणून गाडी भंगारात गेली नाही. दुसऱ्या दिवशी ती ट्रकवर चढून घरी आली. पण सामानाशिवाय तिला फाटकाबाहेर काढायची ताराचंदांची छाती होईना. ती मुकाट अंगणात उभी राहिली आणि ते भाजी आणायला पायी जाऊ लागले. गाडी उभी असताना सामान ज्या खोलीत पडून असायचं ती गोपिकाबाईंनी धुऊन काढली, तिथे पलंग टाकला, आणि दुपारी पंखा लावून निवांत पडायला लागल्या. एवढं सुख त्यांना लग्न झाल्यापासून मिळालं नव्हतं. एक थाप मारली आणि घर साफ झालं, असं त्या शेजारणीला हसत हसत सांगत.

मग एका रविवारी फाटकाशी ट्रक थांबला. ट्रकमधून रामाजी आणि देवराव उतरले, दोघेही फेटे बांधून. मागोमाग गोपिकाबाईंना दिसली ती ट्रकवर दोरानं बांधलेली एक मोटार. त्याच सालची, त्याच बनावटीची, संत्र्यांच्या बागेत कैक पावसाळे खाल्लेली, चाकं नसलेली. बॉनेटवर ठसठशीत हळदकुंकू, आणि समोर झेंडूचा हार.

"आहेर ठेवून घेणं आमच्यात बसत नाही, मामीबाई," रामाजी हात जोडून म्हणाले. "त्याच्याहून मोठा करून परत करा लागते. तुमच्यात लोखंडाचाच चालते म्हणून घरात होतं नव्हतं ते सारं घेऊन आलो."

ताराचंदांनी एव्हाना अंगणातली कपडे वाळवायची दोरी सोडून जागा करायला घेतली होती. गोपिकाबाई आत गेल्या आणि कुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आल्या. आलेल्या आहेराला नाही म्हणणं त्यांच्यातही बसत नव्हतं.