सिलोअम चॅपलच्या गाड्या खाली आणल्या त्याची हकिकत

जे उंच असते ते वळणावर पडते. वेल्समधल्या आमच्या सिलोअम चॅपलच्या रिमोट-गाडी मंडळाने हे सत्य रीतसर ठरावाने मंजूर केले आहे (विरोधी मत एकच, एलुनेडचे).

आमच्या या खेळण्यातल्या गाड्या मुळात दगडखाणीच्या चिखलात उड्या मारण्यासाठी घेतलेल्या. पण तो चिखल बुटांवरून प्रार्थनेला येऊ लागला, तेव्हा पाळकांनी वार्षिक शर्यत चॅपलपुढच्या डांबरी वाहनतळावर आणली. त्यांचे प्रवचन रंगात आले की बोलता बोलता गाऊ लागते. हा हुकूमही त्याच सुरात आल्याने कोणाला हरकत सुचली नाही.

जिंकेल त्याने रविवारचे शेवटचे गीत निवडायचे, ही आमची रीत. इद्वलला आपल्या बायकोचे, नेस्टचे, आवडते गीत हवे होते. ती गेल्यापासून ते चॅपलात झालेच नव्हते. कारण दर वर्षी जिंकायची नेस्टची धाकटी बहीण एलुनेड, आणि ती भलतेच निवडायची.

डांबरावर उंच गाड्या वळणावर उलटू लागल्या, तेव्हा मंडळाच्या समितीने सुधारणा सुचवल्या. धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या आत नळीचे तुकडे घालून ते आखूड करावेत. स्प्रिंग कडक, तेल घट्ट, टायर गुळगुळीत. तरीही गाडी कलली, तर आणखी खाली घ्यावी. इद्वलने सगळे मनोभावे केले. शेवटी गाडीखालून पोस्टकार्ड सरकेना, तेव्हा समितीने त्याचे अभिनंदन केले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती निर्दोष धावली (टेबलाला वळण नसते, ही बाब गौण मानण्यात आली).

शनिवारी सगळ्या गाड्या सुसाट सुटल्या आणि वाहनतळाच्या पहिल्याच पांढऱ्या पट्ट्यावर पोट टेकून थांबल्या. समितीने जागीच बैठक घेऊन दोष रंगाच्या थराचा ठरवला.

एलुनेडने गाडीला हातही लावला नव्हता. तिची उंच गाडी पट्टा ओलांडून गेली, वळणावर ठरावाप्रमाणे उलटली आणि पाठीवर घसरत शेवटच्या रेषेपार पोचली. इतक्या खालून आजवर कोणी जिंकले नाही, असे पाळकांनी गाऊन जाहीर केले.

इद्वल रिमोट धरून उभाच.

"दाजी, तोंड का पाडलंय?"

"तिचं गीत एकदा व्हावं असं वाटत होतं गं."

"ठाऊक आहे मला. खालचा सूर ती धरायची. आता तो ऐकू येत नाही, म्हणून टाळते मी."

"मी धरतो."

"तुम्ही? एक पट्टा ओलांडवला नाही तुम्हाला, पाच कडवी काय ओलांडणार?" मग म्हणाली, "धरा. उद्या तेच घेऊ."

रविवारी ते झाले. इद्वलचा सूर दोनदा सुटला, दोन्ही वेळा एलुनेडने सावरून घेतला, आणि देवाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

नंतर समितीचे सभासद आपापल्या बुटक्या गाड्या मागच्या सीटवर ठेवून घरी निघाले. उंच, रुंद, डोंगर चढण्यासाठी बनवलेल्या मोटारींतून, गुळगुळीत डांबरावरून. त्या मोटारींना अजून चिखल लागलेला नाही.

वाचकांनी हसण्याआधी खाली जाऊन आपल्या मोटारीची चाके पाहून यावीत.