किल्लेदार खेत्रोजी, त्यांचे अंगीचे दगडू आणि खारट खरवस यांची हकीकत

श्रीगजाननास नमन करून, ऐकणारांस आसन आणि सांगणारास तांब्याभर पाणी देववून लिहितो की, शके सोळाशे व वर काही, संवत्सर बहुधा विरोधी, ते साली एके राज्यी, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, खेत्रोजी नाईक म्हणोन किल्लेदार होते. मोठे शिपाईगडी, मिशीस पीळ, आवाज ऐसा की हाक मारली असता खालचे गावची गुरे माघारी वळावी. आणि त्यांचेच अंगी दगडू म्हणोन दुसरे एक गृहस्थ राहात होते. देह एक, पागोटे एक, मिशीही एकच; परंतु दगडू आले की मिशी खाली येई, आवाज मऊ होई, आणि कोणी काही मागितले असता नाही म्हणणे त्यांस जमत नसे. खेत्रोजींस दगडूंचे काही स्मरत नसे आणि दगडूंस खेत्रोजींचे फार भय वाटे. घरी जिवूबाई, किल्लेदारांची बायको. त्या पहिल्यास 'स्वारी' म्हणत आणि दुसऱ्यास 'अहो', आणि मनी धरून होत्या की लग्न स्वारीशी लागले खरे, परंतु संसार अहोंशी जाहला. कारण स्वारी ताट भिरकावी, आणि अहो पुढ्यात येईल ते खाऊन "छान झालंय" म्हणत आणि मग भांडी विसळू लागत. हे मात्र बाई कोणास कळू देत नसत.

ऐसे असता एके सकाळी गनीम गडाचे दरवाज्याशी आला आणि ओरडोन म्हणाला, "दार उघडा, लांबून आलोय." ते वेळी अंगी दगडू होते. लांबून आलेत म्हणोन त्यांनी दार उघडिले आणि "या, बसा, पाय धुवा" म्हणाले. गनीमाने पाय धुतले आणि गड घेतला. दगडू शरमिंदे होऊन निजले, आणि दुपारी त्याच देही खेत्रोजी जागे जाहले, पाहतात तो सदरेवर परका मनुष्य लोडास टेकून घोरतो आहे. मग समशेर उपसली आणि कोंडलेली शिबंदी सोडविली आणि चुलीवरचा भात शिजतो न शिजतो तोच गड परत घेतला.

हे वर्तमान महाराजांस कळले. रिवाज ऐसा की गड घेणारास मानाचा पोशाख द्यावा आणि गड देणाराचा कडेलोट करावा. मग दरबारी वाद पडला की पोशाख घालून लोटावे की काढून. कारभारी म्हणाले, "काढून. जरीचा आहे." तेव्हा वीरेश्वरशास्त्री न्यायाधीश बोलिले, "देह म्हणजे घर. मालक आत असता घर पेटविणे हा अन्याय. एकटा चोर आत असेल तर हरकत नाही." महाराज पुसते जाहले, "मग मालकानं पुढं राहायचं कुठं?" शास्त्री म्हणाले, "तो दावा निराळा."

मग आत कोण आहे हे ओळखावे कैसे, म्हणोन जिवूबाईंस बोलाविले. बाई भोळेपणे सांगत्या जाहल्या, "त्यात काय अवघड? स्वारी असली तर मीठ जास्त झालं की ताट उडतं. अहो असले की काहीही छानच होतं." आणि बोलून जाताच आपण काय बोललो हे उमजोन त्यांनी पदर तोंडाशी धरिला. शास्त्र्यांनी चुटकी वाजविली. सरकारी गाय नुकती व्याली होती. हुकूम जाहला की बाईंनी त्या चिकाचा खरवस करावा, त्यात गुळासोबत मूठभर मीठ घालावे, आणि जो "छान" म्हणेल तो दगडू समजोन तत्काळ लोटावा. चालणे वाचावे म्हणोन दरबार कड्यावरच भरविला.

बाईंनी खरवस केला, आणि ताट भिरकावले जावे म्हणोन जन्मात प्रथमच देवास नवस बोलिल्या. खेत्रोजी मिशीस पीळ देत बसले. वाटी पुढे आली. एक घास घेतला, डोळे वटारले, हात उगारला, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. इतक्यात त्यांची नजर बाईंच्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे गेली, आणि मिशी हळूच खाली आली. वाटी निपटून खाल्ली आणि मऊ आवाजे म्हणाले, "छान झालंय. दमलीस का गं?"

"दगडू! धरा!" शास्त्री ओरडले. हुजरे धावले. तेव्हा जिवूबाई पातेले घेऊन मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "महाराज, चुकलं माझं. आपण बसलेले असताना पहिला घास दुसऱ्याला वाढला. आधी आपण घ्या." महाराजांचे कुळी ऐसा रिवाज की सवाष्णीचे हातचे अन्नास नावे ठेवू नयेत. त्यांनी घास घेतला. डोळ्यांस पाणी आले. गिळोन म्हणाले, "छान झालंय." महाराज म्हणाले म्हणोन कारभारी म्हणाले, "अतिउत्तम, वेलचीचा काय स्वाद!" वेलची घातली नव्हती. सेनापतींनी आणिक मागितला, आणि मिळाल्यावर फार पस्तावले. कडेलोट करणारे हुजरेही खाऊन माना डोलावू लागले. शेवटी वाटी शास्त्र्यांपुढे आली. शास्त्र्यांनी महाराजांचे मुखाकडे पाहिले, मग कड्याकडे पाहिले. कडा जवळच होता. "छान झालंय," शास्त्री म्हणाले.

"मग शास्त्रीबुवा," बाई पदर सावरीत म्हणाल्या, "आता कोणाकोणाला लोटायचं?"

शास्त्री कड्यापासोन दोन पावले मागे सरले. मग शास्त्र्यांनी निवाडा दिला की सदरहू दगडू एके घरचा नसोन राज्यभर वावरतो, थोरामोठ्यांकडेही त्याचा राबता आहे, त्यास लोटल्यास दरबार ओस पडेल. सबब पोशाख खेत्रोजींस द्यावा, दगडूंस माफी असावी, आणि दरवाज्याची किल्ली जिवूबाईंकडे राहावी.

घरी आल्यावर किल्लेदार दोन तांबे पाणी प्याले आणि पाटावर बसले. मिशी खालीच होती. मग मऊ आवाजे म्हणाले, "खरं सांगू? मीठ फार झालं होतं." जिवूबाई चमकल्या. स्वारी म्हणावी तर ताट जागचे जागी. अहो म्हणावे तर ऐसे कधी बोलिले नाहीत. बाईंनी पदर नीट केला आणि अदबीने पुसले, "आपण कोण? पूर्वी आला नव्हतात."

तात्पर्य, एके देही किती जण असतात याचा निकाल त्या राज्यी अद्याप लागला नाही. जिवूबाईंनी त्या दिवसापासोन भात मात्र एक मूठ जास्त टाकिला. इति.