फक्त हात दिसतील

तंजावूरच्या मराठी सभेचे अध्यक्ष बाळकृष्णराव यांना मराठी वाचता येत नाही, ही गोष्ट अत्यंत गुप्त होती. ती फक्त त्यांना आणि राजवाड्यामागच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होती. बोलायला ते अस्खलित बोलत, तीनशे वर्षांपूर्वी इथे आलेल्या पूर्वजांनी मान डोलावली असती असे. पण देवनागरी अक्षर समोर आले की त्यांचा चष्मा नेमका घरी राहिलेला असे. वार्षिकोत्सवात मायबोलीच्या थोरवीवर चाळीस मिनिटांचे भाषण ते तमिळ लिपीत लिहून आणत आणि कागद छातीशी असा धरत की शेजारच्या चिटणीसालाही तो दिसू नये. एकोणीस वर्षे हे निर्विघ्न चालले होते.

म्हणून त्या मंगळवारी श्रीकरने साठ पानांची देवनागरी पटकथा हातात ठेवली तेव्हा बाळकृष्णरावांनी ती उघडली, दोन पाने चाळली, भुवया वर केल्या आणि "नल्ला आहे", म्हणजे चांगली आहे, असे म्हणून मिटली.

श्रीकर चेन्नईचा, पण आजोळ तंजावूरचे. इथल्या मराठीत एक कौटुंबिक सिनेमा काढायचा म्हणून तो सहा माणसे आणि एक कॅमेरा घेऊन सभेच्या हॉलमध्ये उतरला होता. निर्माता पुण्याचा, म्हणून पटकथा देवनागरीत. गोष्ट अशी होती की लहान गावातल्या एका पोरीला टाउन बस चालवायची असते आणि गाव तिला नावे ठेवते. नावे ठेवणाऱ्यांत सगळ्यांत पुढे असतात तिचे आजोबा. हे आजोबा करायला आणलेल्या नटाला आदल्या दिवशी गालगुंड झाले आणि तो दोन्ही गाल धरून परत गेला. श्रीकर डोक्याला हात लावून बसला असताना बाळकृष्णराव दारातल्या चपला नीट न ठेवल्याबद्दल त्याच्या माणसांना झापत होते. दहा मिनिटे झापत होते, आणि एकही शब्द दुसऱ्यांदा आला नाही. श्रीकरने त्यांचे पायच धरले. अख्खे गाव ज्याचा शब्द खाली पडू देत नाही असा माणूस तुम्हाला करायचा आहे, म्हणाला. बाळकृष्णरावांना यात करण्यासारखे काही दिसले नाही, ते तसेच होते.

प्रश्न वाचण्याचा होता. घरात देवनागरी येणारे माणूस एकच, नात विनुता. वडील होसूरच्या कारखान्यात, म्हणून ती लहानपणापासून आजोबांकडे राहायची. शाळेत असताना तिने हिंदीच्या चार परीक्षा दिल्या होत्या. पण आजोबा आणि नात यांच्यात आठ महिन्यांपासून कामापुरतेच बोलणे चालू होते, आणि त्याचे कारण एक दात होता.

विनुता पापनाशमला एका वाद्यारांकडे, म्हणजे गुरुजींकडे, तवील शिकत होती. गळ्यात पट्टा अडकवून देवळापुढे नागस्वराच्या साथीला वाजवतात तो ढोल. घरी सांगितले होते कॉम्प्युटर क्लास. तवील वाजवताना उजव्या हाताच्या बोटांवर तांदळाच्या खळीत भिजवलेल्या कापडाच्या टणक टोप्या चढवतात. त्या तिने गच्चीवर वाळत घातल्या, आणि शेजारी सीतालक्ष्मीबाईंनी, म्हणजे तिच्या आजीने, तांदळाच्या सांडग्यांसारखे वडाम वाळत घातले होते. बाळकृष्णरावांना वडाम कच्चेच खायची सवय. त्यांनी टोपीच चावली, दाढ गेली, क्लास उघडकीला आला आणि तवील एका जुन्या नऊवारीत गुंडाळून लोणच्याच्या बरण्यांमागे माळ्यावर गेले. पोरीचे हात तरी काय थांबतात? ती तांदळाच्या डब्यावर बोटे वाजवायची, आणि आजीला तेवढ्यापुरते ऐकू येत नसे. पापनाशमच्या वाद्यारांनी निरोप पाठवला होता की वैकाशी महिन्यातल्या उत्सवात तिला आपल्याबरोबर वाजवायला उभी करतो, पण त्याआधीचा चित्तिरै महिना संपायच्या आत घरून होकार आण, नाहीतर मी दुसरे कोणी बघतो.

तर बाळकृष्णरावांनी तिला बोलावून पटकथा पुढे सरकवली.

"तुझं वाचन कसं आहे तें पाहतों," ते म्हणाले. "माझा भाग तेवढा वाच. बाकीचं मला ठाऊक आहे."

विनुताने पाने उलटली. वाचता वाचता तिचा चेहरा एकदा लाल झाला, मग तिने ओठ घट्ट मिटून घेतले. शेवटी तिने पटकथा शांतपणे बंद केली.

"मोठा भाग आहे, तात्या. घरांतली एक पोरगी ऐकत नाहीं, तिला तुम्ही चार गोष्टी सांगतां. सगळं गाव तुमच्या मागें उभं राहतं."

"आणि ती ऐकते?"

"तुमच्यापुढें कोण काय बोलणार?"

यातले एक अक्षरही खोटे नव्हते. बाळकृष्णरावांनी त्या दिवशी रस्सम दोनदा घेतले.

शूटिंगच्या दिवशी श्रीकरने फक्त एवढेच सांगितले की आजोबा, कागदावरचे विसरा, तुमच्या शब्दांत बोला. आजोबांना कागदावरचे विसरणे अवघड गेले नाही. समोर नायिका मान खाली घालून उभी होती. ते बसविषयी बोलू लागले. बस मोठी असते, म्हणाले. वळणावर जपून न्यावी लागते. एवढ्यावर त्यांचे बसविषयीचे सगळे ज्ञान संपले आणि कॅमेरा तर चालूच होता. तेव्हा त्यांनी आठ महिन्यांपूर्वीचे, अगदी तोंडात बसलेले भाषण बाहेर काढले.

"घरांत वीणा आली, फिडल आलं, कोणी नाहीं म्हटलं कां? तवील कसं गे आलं? तें आपलं वाद्य नव्हे. पट्टा गळ्यांत घालून, घाम गाळत, चार पुरुषांमध्यें तूं उभी राहणार, आणि मी ह्या गल्लींतून कसा जाऊं? लोक म्हणतील, बाळकृष्णरावाची नात ती हीच कां? तुझे हात तोडून माळ्यावर ठेवले तरी चालतील, पण तें तवील खालीं येणार नाहीं."

नायिका खरोखर रडू लागली. कॅमेरा थांबवायचा असतो हे श्रीकर विसरून गेला. सिनेमात तवील कुठेच नव्हते, पण सिनेमात बसही नव्हती, कारण बस मिळवण्यासाठी केलेला अर्ज अजून कुठल्यातरी टेबलावर होता. श्रीकरने कॉफी संपायच्या आत निर्णय घेतला. बस गेली, तवील आले. आजोबांच्या पात्राचे नावसुद्धा बाळकृष्णराव ठेवले. आपल्या एका भाषणाने दिग्दर्शकाने सगळा सिनेमा बदलला, हे बाळकृष्णरावांनी गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर थांबून सांगितले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, पण ते त्यांच्या लक्षात यायला वेळ होता.

आता नायिकेला तवील कुठे येत होते? तिने काठी लाटण्यासारखी धरली. श्रीकर म्हणाला की लांबून चालेल, पण जवळून दाखवायला खरे वाजवणारे हात हवेत, आणि तेही पोरीचे. कोणी आहे का? त्याने अर्थातच अध्यक्षांना विचारले, सगळ्यांसमोर.

"आमच्यांत तसल्या पोरी नाहींत," बाळकृष्णराव म्हणाले.

कॉफीचे पेले घेऊन आलेली विनुता तिथेच उभी होती. पण बोलले ते मुरलीकृष्ण, सभेचे चिटणीस, ज्यांना सिनेमातल्या आजोबांचे काम आपल्याला मिळेल अशी आशा होती.

"आहे की. अध्यक्षांच्याच माळ्यावर आहे. लोणच्याच्या मागें."

आता धरले तर चावते, सोडले तर पळते. नाही म्हणावे तर सिनेमा अडतो, सिनेमा अडला तर आपला भाग अडतो, आणि आपल्या भागावर तर त्यांचा जीव जडला होता. बाळकृष्णरावांनी खूप विचार करून अटी घातल्या. फक्त हात दिसतील. चेहरा नाही, नाव नाही, आणि कोणी विचारलेच तर हात पापनाशमचे. सीतालक्ष्मीबाई कोणी सांगायची वाट न बघता स्टूल घेऊन माळ्याखाली उभ्या राहिल्या होत्या. दोन दिवस विनुताच्या हातांचे चित्रण झाले. त्या वेळी आजोबा मुद्दाम बाजारात गेले.

सिनेमा चित्तिरैच्या शेवटच्या रविवारी सभेच्या हॉलमध्ये दाखवायचे ठरले. कुंभकोणमपासून माणसे आली. ओरत्तनाडूहून बाळकृष्णरावांच्या मोठ्या वहिनी राजम आल्या आणि नेमक्या त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना चष्म्यातूनही फारसे दिसत नसे. बाळकृष्णराव जरीकाठी वेष्टी नेसून, शाल पांघरून पहिल्या रांगेत बसले होते. खिशात आभाराचे भाषण होते, तमिळ लिपीत.

पडद्यावर ते आले तेव्हा हॉल शांत झाला. ही शांतता आदराची आहे असे वाटून त्यांनी शाल सारखी केली. मग भाषण सुरू झाले. पहिल्या वाक्याला कोणीतरी च्यक् च्यक् केले. दुसऱ्याला लहान मुले ओरडली. कोण पोरे गोंधळ घालतात म्हणून बाळकृष्णराव डोळे वटारून मागे वळले, तर पोरे पडद्याकडे बोट दाखवत होती. पडद्यावरची पोरगी रडत होती, अर्धा हॉल रडत होता, आणि खुद्द बाळकृष्णरावांचेही डोळे भरून आले होते. एवढ्या गरीब पोरीला इतके टाकून बोलतो तरी कोण, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तिथेच अडकला.

मागून राजमवहिनींचा आवाज आला. "कोण गे हा म्हातारा? ह्याच्या घरांत आरसा नाहीं कां?"

बाळकृष्णरावांनी शेजारी पाहिले. सीतालक्ष्मीबाईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"इतके महिने सांगत होतें," त्या हळूच म्हणाल्या. "अत्तां दिसलं कां, कसे दिसतां तें?"

त्यांना लाज वाटली. लोक पाहत होते याची नव्हे; ती पोरगी इतके महिने रोज सकाळी कॉफी आणून देत होती आणि आपण तिच्याकडे पाहत नव्हतो, याची. एवढ्यात पडदा दोन हातांनी भरून गेला. एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्याच्या बोटांवर पांढऱ्या टोप्या. तवील असे कडाडले की हॉलमधल्या पंख्यांचा आवाज बुडाला. लोक ताल धरू लागले. राजमवहिनींनी ताल धरला. बाळकृष्णरावांची मांडी त्यांच्या परवानगीशिवाय हलू लागली. सिनेमा संपला तो आजोबा आतून दार लावून घेतात तिथे, आणि ते दार लागलेले कोणालाच आवडले नाही. दिवे लागले तरी माणसे उठेनात.

मुरलीकृष्णांनी अध्यक्षांना बोलायला बोलावले, आणि फार आनंदाने बोलावले. बाळकृष्णराव माइकपुढे गेले. खिशातून कागद काढला, पाहिला आणि परत खिशात घातला. एकोणीस वर्षांत ते पहिल्यांदाच कागदाशिवाय उभे होते.

"त्या हातांचं नांव सिनेमांत नाहीं," ते म्हणाले. "मीच घालूं दिलं नाहीं. ते हात माझ्या नातीचे. विनुता, वर ये. चेहरा पाहूं दे सगळ्यांना."

विनुता उठली. आणि मंचाच्या पडद्यामागून सीतालक्ष्मीबाईंनी नऊवारीत गुंडाळलेले तवील बाहेर काढले, जणू वाटेत कुठेतरी सापडले. ते तिथे कसे आले हे कोणी विचारले नाही. पट्टा पोरीच्या खांद्यावर बाळकृष्णरावांनी स्वतः चढवला. तो उलटा चढला, मग तिने नीट केला. पुढची वीस मिनिटे सभेच्या हॉलमध्ये जे वाजले ते ऐकून गल्लीतली माणसे खिडक्यांत येऊन उभी राहिली. राजमवहिनी मोठ्याने म्हणत होत्या की ही आमची, आमच्या घरची.

घरी येताना बाळकृष्णराव नातीच्या बरोबरीने चालू लागले.

"तूं मला वाचून सांगितलंस त्या दिवशीं," ते म्हणाले, "तो म्हातारा वाईट आहे असं पटकथेंत लिहिलं नव्हतं कां?"

"लिहिलं होतं, तात्या. पण तें दुसऱ्यांच्या भागांत होतं. तुम्ही म्हणालां, माझा भाग तेवढा वाच."

बाळकृष्णराव थांबले. मग इतके हसले की गेलेल्या दाढेची जागा दिसली. उद्यापासून मला अक्षरे शिकव, म्हणाले, पण मुरलीकृष्णाला कळता कामा नये.

वैकाशीत पापनाशमच्या उत्सवाला ते सकाळच्या गाडीने गेले, तवील स्वतःच्या मांडीवर घेऊन. मिरवणूक निघाली. वाद्यारांच्या शेजारी विनुता उभी राहिली, पट्टा गळ्यात, घाम गाळत, चार पुरुषांमध्ये. गर्दीत बाळकृष्णरावांच्या बाजूला एक अनोळखी म्हातारे होते. त्यांना ते बघवेना. पोरीच्या जातीने तवील वाजवायचे म्हणजे काय, घरात थोरले कोणी आहे की नाही, लोक काय म्हणतील, असे ते तमिळमध्ये तावातावाने बोलू लागले. बाळकृष्णरावांनी सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले, मध्ये एकदा मानही डोलावली.

"शब्द चांगले आहेत," ते तमिळमध्येच म्हणाले. "पण आवाज पोटांतून काढा, आणि 'लोक काय म्हणतील' च्या आधीं थोडं थांबा. हें काम मी सिनेमांत केलंय, म्हणून सांगतों."

म्हातारे त्यांच्याकडे वळले. त्यांनी विचारले, तुम्ही कोण?

"त्या पोरीचा आजोबा," बाळकृष्णराव म्हणाले, आणि ताल चुकू नये म्हणून पुन्हा पुढे बघू लागले.