पक्षीमामांची दहा पावलं

सकाळी साडेआठला पक्षीमामा कचेरीच्या पायरीवर चढले, कुलूप काढलं आणि डोक्यात खणकन चोच बसली. पिशवी तिथेच टाकून ते आत घुसले, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. टोपी काढून पाहिली, तर मधोमध भोक.

खिडकीच्या फटीतून बघतात तो पायरीपुढच्या खडीत दोन ठिपकेदार अंडी, आणि त्यांच्यावर एक पांढरी सुरय. समुद्रावरच्या या पाखराला घरटं बांधायची हौस नाही. उन्हाळ्यात उघड्यावर अंडी घालायची आणि जवळ येईल त्याचं डोकं फोडायचं, एवढाच तिचा संसार.

बायकोखेरीज बेटावर कुणाला ठाऊक नव्हतं, पण बावीस वर्षं बेटावरच्या पक्ष्यांची नोंद ठेवणारे मामा पाखरांना भयंकर घाबरत. सगळ्या नोंदी त्यांनी याच खिडकीतून, दुर्बिणीने केल्या होत्या. अंड्यांभोवती दहा पावलांवर दोरी बांधायची आणि पिल्लं उडेपर्यंत कुणी आत जायचं नाही, हा नियमही त्यांचाच. लोक म्हणत, काय माया आहे या माणसाला! माया कसली, त्यांना स्वतःलाच जवळ जायचं नव्हतं.

निवृत्तीला आठ दिवस राहिले होते. तेवढे आठ दिवस हे झाकलेलं राहिलं, की मानाने घरी बसता येणार होतं. आणि नेमक्या आज दहाच्या बोटीने मुख्य कचेरीच्या मॅडम तपासणीला येणार होत्या.

"मामा, आत आहात का?" धक्क्यावरचा तिकीटवाला बाहेरून ओरडला.

"हळू बोल! ती बघतेय!"

"अंडी घातली होय? थांबा, दोरी बांधतो."

"अरे, आधी मला बाहेर काढ!"

पण तिकीटवाला नियमाचा पक्का. त्याने वाकडी वाट करत, डोकं सांभाळत दहा-दहा पावलं मोजली, खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. कचेरी एका खोलीची. दोरीच्या आत अंडी, सुरय, कचेरी आणि मामा असे सगळेच आले.

"पिल्लं कधी उडतील हो?"

"दीड महिन्यात," मामा रडकुंडीला येऊन म्हणाले.

तेवढ्यात मामांची बायको त्यांचा विसरलेला चष्मा घेऊन आली. "अहो, मागच्या खिडकीतून उतरा की!"

मामांनी एक पाय बाहेर टाकला मात्र, छपरावरून दुसरं पाखरू सूं करत खाली आलं. मामा आत, चप्पल बाहेर.

"नवरा पण आहे तिचा!"

"बावीस वर्षं लपवलंत," बायको हळूच म्हणाली. "आज मॅडमना सांगून मोकळे व्हा एकदाचे."

"तुला माझी शपथ आहे!"

नऊ वाजले. दुसरं काही सुचेना, म्हणून मामांनी नोंदवही उघडली. 'नऊ बारा. ती उठली. नऊ तेरा. माझ्याकडे बघितलं. नऊ चौदा. अजून बघतेय.' अशी चार पानं भरली.

मॅडम आल्या, त्या दोरीपासूनही चांगल्या लांब उभ्या राहिल्या. तिकीटवाल्याने अभिमानाने सांगितलं, "सकाळपासून आत आहेत. पाखराला त्रास नको म्हणून पायरीसुद्धा उतरले नाहीत!"

"नोंदवही बघू."

आणणार कोण? बायकोने घरून पातेलं आणलं, डोक्यावर पालथं घातलं आणि सरळ चालत खिडकीपाशी गेली. पातेल्यावर टणाटण चोची बसत होत्या. ती वही घेऊन तशीच परत आली. मॅडमनी चार पानं वाचली आणि वही छातीशी धरली.

"इतकी बारीक नोंद मी आजवर पाहिली नाही. मामा, समोरच्या खडकाळ बेटावर हजारो सुरया उतरतात. अगदी मधोमध तंबू ठोकून राहायचंय. तुमची निवृत्ती दोन वर्षं पुढे ढकलते!"

हजारो! खिडकीचे गज घट्ट धरून मामा ओरडले, "मॅडम, मला पाखरांची भीती वाटते! पहिल्यापासून!"

मामांनी मान खाली घातली. बावीस वर्षांची अब्रू गेली होती.

"मलाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "ती नेमणूक माझ्याच नावावर आलीय. वर्षभर माणूस शोधतेय मी." मग त्यांची नजर पोचे पडलेल्या पातेल्याकडे गेली. "बाई, तुम्हाला नाही भीती वाटत?"

"कसली आलीय भीती! अंडी आहेत तिची, ती ओरडणारच."

"आणि नोंदी जमतील?"

"यांच्या वह्या इतकी वर्षं घरी तपासतं कोण?"

मॅडमनी तिथल्या तिथे तिचं नाव लिहून घेतलं, आणि तिकीटवाल्याला दोरी वर धरायला लावली.

पातेलं घालून बायको पुन्हा दोरीच्या आत शिरली. दारात जाऊन तिने डोक्यावरचं पातेलं काढलं आणि मामांच्या डोक्यावर घातलं. "चला. मला सामान बांधायचंय."

"आणि तुझं डोकं?"

"माझं बघते मी."

मामांनी डोळे गच्च मिटले आणि तिचा हात धरला. सुरया ओरडत होत्या, वरून झेपावत होत्या. मामा मोठ्याने पावलं मोजत निघाले. दहा झाली, दोरी मागे पडली, सुरया अंड्यांवर परतल्या. मामांनी डोळे उघडले, पण घर येईपर्यंत बायकोचा हात काही सोडला नाही.