गोपाळच्या पेटंटाला जोडलेला दृष्टांत

पेणच्या शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवले. त्या बळावर मी पुतण्याला म्हणालो, "गोपाळ, हरकतीची चिंता सोड. वादात मला हरवील असा माणूस अद्याप वडखळ ओलांडून इकडे आलेला नाही."

हे वाक्य आज लिहितानाही कान तापतात.

गोपाळची रोह्यात लहानशी प्रयोगशाळा आहे. कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस उबवणीच्या अंड्यांत वाढवतात. विषाणू टोचल्यावर ती अंडी सगळे स्थिर ठेवत. गोपाळने ती दर तासाला हळूच फिरवली आणि लस दुप्पट निघाली. पेटंट कार्यालयाने हरकत घेतली : हे कोणाही जाणकाराला सहज सुचेल, यात शोध कोणता? उत्तर पटले नाही, तर मोठ्या कंपन्या त्याची चार वर्षांची मेहनत फुकट उचलणार होत्या.

"काका, उत्तर तयार आहे, सहीही केली आहे. इंग्रजी तेवढं तपासा आणि टपालात टाका."

इंग्रजी निर्दोष होते. परंतु युक्तिवादाला दृष्टांतच नव्हता. म्हणजे डोळे न आखलेली हमरापूरची गणेशमूर्तीच ती. त्याच वेळी शेजारी गावठी अंडी द्यायला गिरजाबाई आली. मी तिला अंडी फिरवण्याविषयी विचारले.

"त्यात नवल काय, गुरुजी? खुडूक कोंबडी दिसभर चोचीनं अंडी फिरवते. नाय फिरवलीन तर पिलू कवचाला चिकटतंय. तुमी एवढं शिकल्यात, नि हे म्हाईत नाय?"

मला धन्य वाटले. मी एक पान वाढवले : कोंबडीचा दृष्टांत, आणि खाली दृष्टांताची न्यायशास्त्रातली व्याख्या. गोपाळला न दाखवता पाकीट टपालात टाकले.

तीन महिन्यांनी निर्णय आला. गोपाळने तो माझ्यासमोर वाचला : "ज्याविषयी सामान्य जन आणि परीक्षक यांचे एकमत असते तोच दृष्टांत, असे अर्जदार स्वतःच म्हणतात. परीक्षक या नात्याने आम्ही सहमत आहोत. अर्ज नामंजूर."

"काका, हे पान कोणी घातलं?"

"मी. शास्त्राला धरून होतं."

"हो. त्यांनाही तसंच वाटलं."

तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याने कागदाची नीट घडी केली आणि रोह्याची एसटी धरली.

गिरजाबाईच्या कानी हे गेलेच. "गुरुजी, माझ्या कोंबडीनं मोडलं का तुमचं काम?"

"नाही गो बाई. कोंबडीने खरे तेच सांगितले. मोडले मी."

गोपाळ अजूनही आला की वाकून नमस्कार करतो. आशीर्वाद मात्र मी मनातल्या मनात देतो. उच्चारून दिला, तर त्यातही एखादा दृष्टांत यायचा.