फिरता आहेर

गेल्या महिन्यात मी काटकसर करायचं ठरवलं आणि सुरुवात बायकोच्या पेटीपासून केली. (माझ्या पानापासूनही करता आली असती, पण त्यावर पानवाल्याचं पोट चालतं.)

कुंभार पिंपळगावला झुंबरआत्याच्या नातीचं लग्न होतं. बायकोला, दैवशालेला, ताप होता, म्हणून अंबडहून मी एकटाच निघालो. आमच्याकडं आहेराची साडी सहसा कुणी नेसत नाही, ती पुढच्या लग्नात पुढं सरकते. मग विकत घ्यायचीच कशाला? पेटीच्या तळाशी घडी न मोडलेली एक जांभळी साडी होती. ती नव्या पिशवीत घातली आणि आत्याला देऊन आलो. आठशे रुपये वाचले! परतीच्या जीपमध्ये मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

महिना सरता सरता दैवशालेनं पेटी उघडली.

"अहो, मायची साडी कुठंय?"

"कुणाची?"

"माझ्या मायची. जांभळी."

सगुणाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. जायच्या आधी त्यांनी लेकीची शेवटची ओटी भरली ती याच साडीनं. काठाला त्यांच्या बोटाचं कुंकू लागलेलं होतं. आमच्या लेकीच्या, आकांक्षाच्या लग्नात दैवशाला ती नेसणार होती. मी खरं ते सांगून टाकलं. ती ओरडली नाही, नुसती पेटीशी बसून राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, बाजारातून नऊशेची साडी घेतली आणि आत्याचं दार गाठलं.

"अरे देवा! ती तर म्या आपल्या घनसावंगीच्या साळूबाईला दिली. तिच्या नातवाच्या जावळाला गेल्ते न्हाई का!" आत्या म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. "तू आता आणलीच हाय, तर ठिवते ही."

घनसावंगीत आणखी एक साडी घेतली. (दिलेली साडी रिकाम्या हातानं परत मागायला जीभ रेटेना.)

साळूबाईनं सगळं ऐकलं, आत गेली आणि जांभळी साडी घेऊन आली. काठाचं कुंकू तसंच होतं. माझे डोळे भरून आले.

"रडून काय राह्यले?" ती म्हणाली. "पुढल्या आयतवारी माझ्या धाकट्याचं लगीन हाय. ही तुमच्या दैवशालेलाच द्यायची म्हणून काढून ठिवल्ती. गप घरी बसले असते, तर फुकटात आली असती!"

मी हातातली पिशवी हळूच मागं घेतली.

"ऱ्हाऊ द्या की ती बी," साळूबाई म्हणाली, "कुणाला तरी होईल."

घरी दैवशालेनं कुंकवावरून बोट फिरवलं आणि ती रडली.

"मला वाटलं, माय दुसऱ्यांदा गेली," एवढंच म्हणाली.

"चुकलो," मी म्हणालो. ती संध्याकाळभर चिठ्ठ्या लिहून पेटीतल्या एकेका साडीला टाचणीनं लावत बसली: 'देऊ नये.'

सकाळी ऑफिसात सगळे माझ्या पाठीमागं हसू लागले. शेवटी हेडक्लार्क ख्वाजामियाँनी माझ्या शर्टाच्या पाठीवरची चिठ्ठी काढून हातात दिली.

"भाभीनं बिलकुल बराबर लिवलं," ते गंभीरपणे म्हणाले.

अक्षर दैवशालेचंच होतं: 'द्यायला हरकत नाही. फिरून घरीच येतो.'