शिवरात्रीचा कंद आणि पेठे सर

स्वयंपाकघरात येऊन मिठाच्या बरणीकडं बोट दाखवत "हे कोण?" असं विचारणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. आमचे पेठे सर. मी म्हणायची, अहो सर, मीठ आहे. त्यावर ते म्हणायचे, "काकू, तुम्ही म्हणता म्हणून मीठ. बरणी काही बोलत नाही." मग खिशातनं कागदाची पट्टी काढून बरणीला चिकटवायचे. वर नाव, खाली तारीख. बघता बघता माझी हळद, तिखट, पापडखार, सगळ्यांना पट्ट्या लागल्या. आमचे हे एकदा म्हणाले, "सर, मलाबी एक चिकटवा. हिला मी वळखू येईना झालोय." सर हसले नाहीत. विचारात पडले.

सर पन्नाशीचे, आम्ही दोघं सत्तरीपुढचे. पुण्याच्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राचं केंद्र आहे, तिथं संशोधन करतात. भोरजवळ उत्रोलीत आमच्या घराची पुढची खोली त्यांनी भाड्यानं घेतली ती कळलावीपायी. कळलावी म्हणजे पावसाळ्यात वेल्ह्याच्या डोंगरात जाळासारखी लालपिवळी फुलं येतात ना, तो वेल. फूल देखणं, पण जमिनीतला कंद म्हणजे विष. सर सांगायचे, त्याच विषाचं सांधे सुजण्यावर औषध होतं, फक्त कुठल्या डोंगरावरच्या कंदात ते किती असतं हे नीट कळायला हवं. म्हणून ते कंद गोळा करायचे, वाळवायचे, कुटून त्याचा अर्क काढायचे आणि केंद्रातल्या यंत्रात घालून बघायचे.

विषाशी रोजचा व्यवहार करणारा माणूस धीट असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ह्या माणसाला माझ्या फोडणीचीसुद्धा भीती. नाक म्हणून पुढं न्यायचे नाहीत. दारात उभं राहून तळव्यानं वास हळूहळू स्वतःकडं ओढायचे. गल्लीतलं एखादं पोर पायाशी आलं की दोन्ही हात पाठीमागं. लग्न का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घरी कोणी असतं तर हात किती वेळा धुवावे लागले असते, काकू." मी हसले. नंतर वाटलं, हसायला नको होतं.

तर आता शिवरात्रीचं सांगते.

माझा धाकटा भाऊ शंकर वेल्ह्याकडं पासलीला असतो. दर शिवरात्रीला तो बहिणीच्या उपासाला रानातले कंद पाठवतो. आणि सरांसाठी कळलावीचे कंदही तोच उकरायचा. सरांनी त्याला बजावून ठेवलं होतं, दोन्ही वेगळ्या पिशव्यांत, वेगळ्या दिवशी. शंकरनं मान डोलावली होती. पण त्यानं विचार केला, एष्टीत सामानाचे दोन डाग कशाला. खाली खायचे कंद, वर जुन्या धोतराच्या फडक्यात कळलावी बांधून, सगळं एकाच पोत्यात. घाटाच्या रस्त्यानं फडक्याची गाठ सुटली.

पोतं सकाळी आलं. मी देवळात होते. ह्यांना उपासाची भूक लागलेली. पोत्यात हात घातला, एक कंद काढला, चुलीत भाजला आणि खाऊन टाकला. सालं शेळीपुढं टाकली.

दुपारी सर पुण्याहून आले आणि त्यांनी पोतं उघडलं. मी चहा घेऊन गेले तर ते मोकळं फडकं हातात धरून तसेच उभे. म्हणाले, "यातलं कोणी खाल्लं?"

"एक खाल्ला की म्या," हे म्हणाले. "हाताला लागला त्यो."

"कडू होता?"

"जरासा. उपासाला आमी कडूगोड बघत न्हाई."

सर पायरीवर खाली बसले. पोत्यातले कंद त्यांना ओळखता येत होते, पण पोटातला कसा ओळखावा? उरलेले मोजून एखादा कमी पडतो का बघावं म्हणून शंकरला फोन लावला, कळलावी किती काढल्या होत्यास? तो म्हणाला, मोजतंय कोण, दिसली की उकरली. मी म्हटलं, अहो, ह्यांना तर काहीच होत नाही. सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "आधी काहीच होत नाही, काकू. त्याचीच भीती आहे."

मी चुलीकडं धावले.

चुलीच्या राखेत सालीचा एक जळका तुकडा सापडला. सरांनी तो चिमट्यानं बाटलीत घातला. केंद्रात तपासला की कळणार होतं काय ते. आता बाटली घेऊन पुण्याला जायचं का ह्यांच्याबरोबर दवाखान्यात? आपला नमुना सरांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता. रस्त्यावर उभं राहून ते एकदा बाटलीकडं बघत, एकदा ह्यांच्याकडं. शेवटी केंद्रात फोन केला आणि पुण्याला निघालेल्या दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हातात बाटली ठेवली. म्हणाले, उघडू नका, हुंगू नका, खड्डे चुकवा. आणि रिक्षात येऊन बसले. हे दवाखान्यात यायला तयार नव्हते, धडधाकट माणसाला कुठं नेता म्हणून. सरांनी त्यांचं मनगट जे धरलं ते भोर येईपर्यंत सोडलं नाही.

दवाखान्यात नळी घालून पोट धुतलं, सलाईन लावलं. हे डॉक्टरांना विचारत होते, उपास मोडला का न्हाई तेवढं सांगा. लोक हसले. मला हसू कुठलं यायला. ह्यांनी ढेकर दिला तरी मी उठून उभी राहायची. दिवस कलला आणि ह्यांना एक उलटी झाली. सर डॉक्टरांना बोलवायला धावले. नळीमुळं झाली असेल, असं डॉक्टर म्हणाले. "असेल" म्हणाले, "आहे" म्हणाले नाहीत.

म्हशीची धार काढायची होती. सर म्हणाले, तुम्ही जा, मी आहे.

घरी आले आणि आधी शेळीकडं गेले. तिनं तीच सालं खाल्ली होती. ती रवंथ करत उभी. तिच्या गळ्यात हात घालून म्हटलं, बाई, तू तेवढी मरू नकोस. शेळीला काय कळणार, ती माझा पदर चघळायला लागली. सकाळी तिनं चाऱ्यासाठी ओरडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

पहिल्या रिक्षानं दवाखाना गाठला. दारातच सिस्टरबाई भेटल्या. म्हणाल्या, "आजी, पुण्याचा फोन आला. साधा कंद व्हता. आजोबा च्या मागत्यात." मी तिथूनच देवाला हात जोडले.

"पर तुमच्या मुलाला जरा आवरा," त्या म्हणाल्या. "घडीघडीला नाडी बगायला लावली आमाला."

आम्हाला दोन मुली. दोघी सासरी. मी आत डोकावले. सर स्टुलावर बसल्या बसल्याच झोपले होते, डोकं ह्यांच्या खाटेच्या कडेला टेकून. हे जागे होते. मला बघून ओठावर बोट ठेवलं, उठवू नको म्हणून.

"पेशंटचे कोण लागता इचारलं," सिस्टरबाई सांगत होत्या, "तर आजोबांकडं बगत ऱ्हायले. मग म्हनले, मुलगा. पर लई भित्रा हाय वो."

"व्हय," मी म्हणाले. "ल्हानपणापासनं तसाच हाय."